दक्षिण सुदान की युगांडा? आणि त्याआधी, कुणाच्या भरवशावर?

आमची पुतणी नागपुरातच स्टाफ नर्स आहे, प्रसूती विभागात, सहा वर्षं झाली. दिवाळीनंतर एका सकाळी ती तर्री-पोह्याचं पार्सल घेऊन आली आणि रबर काढायच्या आधीच म्हणाली, "काका, मला दक्षिण सुदानला जायचंय. आईला तुम्ही सांगा." माझ्याकडेच आली, कारण मी पाणीपुरवठ्याचा माणूस असलो तरी दोन्हीकडे राहून आलोय. २०१७ मध्ये युगांडाच्या उत्तरेत निर्वासितांच्या वसाहतीत होतो, नंतर आठ महिने दक्षिण सुदानात.

तिनं टेबलावर तीन कागद पसरले. एक 'डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स'चा, दुसरा संयुक्त राष्ट्रांच्या स्वयंसेवक कार्यक्रमाचा, तिसरं आपल्याकडून पैसे घेऊन 'सेवेला' नेणाऱ्या एका कंपनीचं रंगीत पत्रक.

तिसऱ्याचा निकाल पोहे संपायच्या आत लागला. दोन आठवडे, फी आधी, विमानभाडं वेगळं, काम अनाथाश्रमात. अशा आश्रमांतल्या बहुतेक मुलांचे आई-बाप, निदान एक तरी, हयात असतात. येणाऱ्या पाहुण्यांमुळे मुलं घरी राहण्याऐवजी आश्रमात राहतात, म्हणजे आपण भरलेल्या फीतून नेमकं नको तेच वाढतं. त्या फॉर्ममध्ये टी-शर्टचा साइज विचारला होता. नर्सिंग कौन्सिलचा नोंदणी क्रमांक कुठेच विचारला नव्हता. बाळंतपणं करणाऱ्या बाईला हे विचारत नसतील, तर तिच्याकडून काम करून घेणार नाहीत, फोटो काढून घेतील.

उरले दोन. 'डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स' ही १९७१ मध्ये फ्रान्समध्ये सुरू झालेली संस्था. नावाला स्वयंसेवक, पण करार होतो, महिन्याला मानधन मिळतं, प्रवास, राहणं आणि विमा त्यांचा. साधारण दोन वर्षांचा कामाचा अनुभव मागतात आणि पहिली नेमणूक बहुधा सहा महिने ते वर्षभराची असते. गोम अशी, की देश आपण निवडत नाही. तुम्ही म्हणाल जुबा, दक्षिण सुदानची राजधानी, ते म्हणतील दुसरंच गाव. फ्रेंच येत असेल तर दारं वाढतात. पुतणीला फ्रेंच येत नाही. इंग्रजी आणि थोडी छत्तीसगढी येते, तीही वॉर्डात शिकलेली.

संयुक्त राष्ट्रांचा स्वयंसेवक कार्यक्रम १९७० पासून आहे, मुख्यालय जर्मनीत बॉनला. तिथे उलटं. नेमकी जागा, नेमका देश, नेमकं काम जाहीर होतं आणि त्यावर अर्ज करायचा. अनुभवी माणसाच्या गटासाठी वय किमान २७ लागतं, ही २८ ची. पगार नसतो, निर्वाहभत्ता आणि विमा असतो. दक्षिण सुदानात परदेशी सुईणी याच वाटेनं गेलेल्या आहेत, संयुक्त राष्ट्रांच्याच लोकसंख्या निधीच्या कामावर. म्हणजे तिच्या हाताला शोभणारं काम इथे आहे. पण कागदपत्रांचा खेळ लांबतो आणि निवड झाल्यावरही महिनेन्‌महिने वाट पाहावी लागू शकते. मानधनाचा हिशेब करत बसू नका. दोन्हीकडे नागपुरातल्या नर्सला परवडतं आणि दोन्हीकडे श्रीमंत होता येत नाही.

या दोघांत निवडताना मी तिला एकच प्रश्न पुन्हापुन्हा विचारायला लावला: बिघडलं तर मला बाहेर कोण काढणार, आणि ते कुठे लिहिलंय? हा प्रश्न भित्रेपणाचा नाही. जुलै २०१६ मध्ये जुबात एकाएकी लढाई पेटली. भारत सरकारनं 'संकटमोचन' मोहिमेत वायुदलाची सी-१७ विमानं पाठवून दीडशेच्या आसपास माणसं आणली, पण विमानं उतरेपर्यंत आठवडा गेला होता. २०२३ मध्ये शेजारच्या सुदानात युद्ध सुरू झालं, तेव्हा 'ऑपरेशन कावेरी'तून साडेतीन हजारांहून जास्त भारतीय परतले. राजधानी खार्टूमच्या लोकांना त्याआधी बसनं आठशेहून अधिक किलोमीटर तुडवत पोर्ट सुदान गाठावं लागलं. सरकार येतं, येत नाही असं नाही. मधला आठवडा मात्र तुमच्या संस्थेचा असतो. त्या आठवड्यात पाणी कुणाचं, गाडी कुणाची, निर्णय कुणाचा?

त्यातलाच पोटप्रश्न विम्याचा. आपल्याकडच्या साध्या प्रवासविम्यात युद्ध वगळलेलं असतं, बारीक अक्षरात. संस्थेच्या विम्यात युद्धातली दुखापत आणि आजारी माणसाला विमानानं हलवणं हे दोन्ही आहे का, ते वाचा. "बघून घेऊ" हे उत्तर मिळालं तर तो कागद तिसऱ्या कागदाशेजारी ठेवा.

आता देश. दक्षिण सुदान ९ जुलै २०११ ला स्वतंत्र झाला, डिसेंबर २०१३ पासून आपसांत लढाई, २०१८ मध्ये करार, आणि मार्च २०२५ मध्ये उपराष्ट्राध्यक्ष रिएक माशार नजरकैदेत गेल्यावर तोही डळमळला. युगांडात शांतता आहे. तिथे युद्धातून पळून आलेली माणसं आहेत, पंधरा लाखांहून जास्त, आफ्रिकेत सर्वांत जास्त. मी होतो ती बिडीबिडी वसाहत युम्बे जिल्ह्यात, ऑगस्ट २०१६ मध्ये उघडलेली, आणि त्याच डिसेंबरात भरली म्हणून नव्यानं येणाऱ्यांसाठी बंद केलेली. अडीच लाखांवर माणसं, आणि सुरुवातीला पाणी टँकरनं. टँकरचा हिशेब लावताना मला रोज लातूर आठवायचं.

युगांडात संध्याकाळी चालत बाजारात जाता येतं. अरुआ शहराच्या नाक्यावर चपातीत आमलेट गुंडाळून देतात, त्याला 'रोलेक्स' म्हणतात. घड्याळाशी संबंध नाही, चपातीचा संबंध मात्र आपल्या लोकांशी आहे, १९७२ मध्ये हुकूमशहा इदी अमीननं ज्यांना हाकललं त्यांच्याशी. दक्षिण सुदानात कंपाउंडबाहेर पायी जायचं नाही, अंधार पडायच्या आत आत यायचं, रात्री रेडिओवर हजेरी द्यायची. उशाशी 'रन बॅग': पासपोर्ट, डॉलर, औषधं, पाणी, बॅटरी. विमानतळ, पूल, सैनिक यांचे फोटो काढलेत तर फोन जातो आणि त्याहून जास्तही जाऊ शकतं. पैसे रोख डॉलरमध्ये, कोऱ्या आणि नव्या छपाईच्या नोटा. चुरगळलेली नोट घेत नाहीत. कार्ड बहुतेक ठिकाणी शोभेचं.

उन्हाची धास्ती नागपूरकरानं घेऊ नये. तिथे तापलं की शाळा बंद करतात, आपण कूलरमध्ये पाणी टाकतो. चिखलाची मात्र घ्या. दक्षिण सुदानच्या जोंगलेई, युनिटी, अप्पर नाईल या भागांत आपल्यासारखीच काळी कपाशीची जमीन आहे, पण डांबर नाही. साधारण मे ते ऑक्टोबर गाड्या रुततात, तालुके तुटतात, माणूस आणि औषध दोन्ही विमानानं जातं, आणि छोट्या विमानात सामानाचं वजन काटेकोर मोजतात. विदर्भातल्या पोरीला गमबूट काय ते समजावून सांगावं लागलं नाही.

घरच्यांशी बोलायचं तर युगांडाचं घड्याळ आपल्यामागे अडीच तास, दक्षिण सुदानचं साडेतीन. वहिनींसाठी हे लिहून फ्रिजवर लावलं.

तयारीत दोन्ही देशांना सारखंच लागतं ते पीतज्वराचं इंजेक्शन. आरोग्य मंत्रालयाच्या यादीतल्या केंद्रातच मिळतं, दहाव्या दिवसापासून धरलं जातं आणि आता जन्मभर चालतं. त्या इंजेक्शनचं पिवळं कार्ड हरवलं तर परतताना आपल्याच विमानतळावर सहा दिवस वेगळं ठेवू शकतात, म्हणून ते पासपोर्टलाच जोडा. मलेरियाचं फाल्सिपेरम, म्हणजे त्याचा जीवघेणा प्रकार, तिथेही आहे आणि आपल्या गडचिरोलीतही. मलेरिया टाळायला डॉक्सीसायक्लिन घेतलं तर रोज, आणि परतल्यावरही चार आठवडे. त्या गोळीनं उन्हात त्वचा जळते, तेव्हा लांब बाहीचा शर्ट. परतल्यावर पुढच्या काही महिन्यांत ताप आला तर डॉक्टरला पहिलं वाक्य "आफ्रिकेतून आलोय" हेच सांगायचं. मी सांगितलं नव्हतं. डेंग्यू समजून तीन दिवस गेले.

एक चौथा कागद मी माझ्याकडून ठेवला. नागपूरहून एका दिवसात पोचता येतं तिथे शोधग्राम आहे, हेमलकसा आहे. १९७३ पासून हेमलकसाला काम चालू आहे, १९८६ पासून शोधग्रामच्या 'सर्च' संस्थेचं. डोंगर, जंगल, मलेरिया, बाळंतपणं, आणि बंदुकीच्या दोन्ही बाजूंची भीती अनेक वर्षं पाहिलेली गावं. तिथे सहा महिने काढलेल्या नर्सच्या अर्जाला वजन येतं. शिवाय बिनविजेच्या खोलीत दुसऱ्याच्या भाषेत रात्र काढता येते का, ते व्हिसा न काढता कळतं. पुतणीला हा कागद आवडला नाही. "काका, तुम्ही मला टाळताय," म्हणाली. थोडं टाळत होतोही.

माझं मत विचाराल तर: पहिल्यांदा जाणाऱ्यानं युगांडा, आणि पाणी-शाळा-नोंदणीचं काम असेल तर नक्कीच युगांडा. पण ही सुईण आहे, आणि बाळंतपणात बाया दगावण्याचं प्रमाण जगात सर्वांत जास्त असलेल्या मोजक्या देशांत दक्षिण सुदान आहे. तिच्या बाबतीत माझा नियम मलाच पाळता येत नाही.

तिनं बॉनच्या कार्यक्रमात नाव नोंदवलंय, सुरक्षेचा 'बीसेफ' हा मोफत ऑनलाइन कोर्स पुरा केलाय, पीतज्वराची तारीख घेतलीय. आता मला वहिनींकडे जायचंय. फोनवर विषय काढला तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, "भाऊजी, या पोट्टीले तुम्हीच बिघडवलं. आता तिले कोण आणून देईल ते लिहून द्या." मी कागद घेऊन निघालोय.