ऑक्टा: दिवाळीपासून वापरतोय, कुपवाड एमआयडीसीतून लिहितोय

आमचा कारखाना कास्टिंग आणि मशीनिंगचा. संगणकाचं सगळं माझ्याकडे, म्हणजे प्रिंटरमध्ये अडकलेल्या कागदापासून सर्व्हरपर्यंत. ऑक्टा, म्हणजे एकाच लॉगिननं सगळ्या सॉफ्टवेअरमध्ये जाऊ देणारी आणि कोणाला कुठे प्रवेश आहे ते सांभाळणारी क्लाउड सेवा, काही हौसेनं घेतलं नाही. जर्मन ग्राहकाकडून टिसॅक्सची (वाहन उद्योगातल्या माहिती-सुरक्षेच्या तपासणीची) प्रश्नावली आली. कोणाला कशाचा प्रवेश आहे, तो कोण देतं आणि माणूस गेल्यावर कधी काढला जातो, अशी विचारणा होती. मालकांनी कागद माझ्यापुढे सरकवला. ‘‘बघ बाबा, ऑर्डर जाता कामा नये,’’ एवढंच म्हणाले.

बसवणं अपेक्षेपेक्षा सोपं गेलं. मेल, ड्रॉइंगचा साठा, हजेरी-पगार, दोन ग्राहकांची पोर्टलं असं सगळं एका लॉगिनमागे आलं. सात हजारांहून जास्त सेवांशी जोडणी तयार असल्याचं कंपनी सांगते. आम्हाला लागणाऱ्या बहुतेक त्यात मिळाल्या. अडलं ते आमच्याच जुन्या ईआरपीपाशी, म्हणजे खरेदी-साठा-हिशेबाच्या सॉफ्टवेअरपाशी. एका लॉगिनवर चालण्यासाठी लागणाऱ्या भाषा, सॅमल आणि ओआयडीसी, यातली एकही त्याला कळत नाही, त्यामुळे त्याचा पासवर्ड आजही वेगळाच आहे आणि स्टोअरमधल्या कॅलेंडरच्या मागं लिहिलेला असतो. त्यात ऑक्टाचा काही दोष नाही.

खरा फायदा लॉगिन सोपं होण्यात नाही. माणूस नोकरी सोडतो तेव्हा तो कळतो. आपल्याकडं पोरं सांगली सोडून चाकणला, पुण्याला जातात. निरोप समारंभ होतो, फेटा बांधला जातो, पेढे वाटले जातात आणि खातं मात्र तसंच चालू राहतं. आता एचआरनं शेवटची तारीख भरली की त्या संध्याकाळी सगळीकडचा प्रवेश बंद. कुठलं पोर्टल राहिलं का, हे कुणाला आठवत बसावं लागत नाही. माझ्या मते पैसे वसूल होतात ते इथंच, बाकी सगळं वरकड.

शॉप फ्लोअरवर मात्र गणित वेगळं. तिथं आधी बोटाच्या ठशानं लॉगिन होतं. मोल्डिंगच्या माणसांचे बोटांचे ठसे घासून गेलेले, मशीनवाल्यांच्या हाताला कूलंट. ‘‘सर, बोट घेईना झालंय,’’ हे वाक्य पहिले काही आठवडे रोज ऐकलं. फोनवर ऑक्टा व्हेरिफाय (ओळख पटवायचं त्यांचं अ‍ॅप) घालावं तर फ्लोअरवर मोबाईल न्यायला बंदी, ती योग्यच आहे. शेवटी तिथल्या सामायिक संगणकांसाठी यूएसबीची फिडो किल्ली (संगणकाला लावून ओळख पटवायची छोटी वस्तू) दिली, प्रत्येकाला आपली, ओळखपत्राच्या दोरीला अडकवलेली. खर्च वाढला, पण तक्रारी थांबल्या. ऑफिसात फोनवरच्या सूचनेत आकडा जुळवण्याची सोय लगेच सुरू करा. नुसतं ‘होय’ दाबायचं ठेवलं तर आमचे अकाउंट्सवाले काका जेवताना डोळे झाकून होय दाबतात. चोराला तेवढंच हवं असतं.

आता कंपनीबद्दल, कारण सगळ्या किल्ल्या एकाकडे द्यायच्या तर तो कोण आहे हे बघायलाच हवं. टॉड मॅकिनन आणि फ्रेडरिक केरेस्ट हे दोघे सेल्सफोर्समधून बाहेर पडले आणि त्यांनी 2009 मध्ये ही कंपनी काढली. कंपन्या आपलं सॉफ्टवेअर स्वतःच्या सर्व्हरवरून उचलून भाड्याच्या क्लाउडवर नेतील आणि मग दहा ठिकाणी दहा पासवर्ड होतील, हा त्यांचा अंदाज अचूक ठरला. एप्रिल 2017 मध्ये 17 डॉलरला शेअर विकून नॅसडॅकवर आले. 2021 मध्ये ऑथझिरो ही प्रतिस्पर्धी कंपनी सुमारे साडेसहा अब्ज डॉलरना घेतली. जानेवारी 2025 ला संपलेल्या वर्षात उत्पन्न 2.6 अब्ज डॉलरच्या घरात गेलं आणि तेव्हा कुठे पहिल्यांदा पूर्ण वर्षाचा निव्वळ नफा दिसला. मधल्या काळात, 2023 आणि 2024 च्या फेब्रुवारीत, शेकडो माणसं कमी केली.

वाढीचे आकडे दलालांनी बघावेत. मी बघितलं ते चोऱ्यांकडे. जानेवारी 2022 मध्ये लॅप्सस ही हॅकरांची टोळी ग्राहकसेवेचं काम करणाऱ्या बाहेरच्या कंत्राटदाराच्या संगणकातून आत शिरली. जगाला कळलं मार्चमध्ये, तेही टोळीनंच स्क्रीनशॉट टाकले म्हणून. ऑक्टोबर 2023 मध्ये ग्राहकांच्या तक्रारी नोंदवण्याच्या यंत्रणेतली घुसखोरी उघड झाली. एका कर्मचाऱ्यानं कंपनीच्या लॅपटॉपवर स्वतःचं गुगल खातं उघडलं होतं आणि त्या यंत्रणेच्या सेवा-खात्याचा पासवर्ड तिथं साठवला गेला होता. बियॉंडट्रस्ट या ग्राहकानं 2 ऑक्टोबरलाच सावध केलं होतं, तरी खात्री पटायला दोन आठवड्यांहून जास्त गेले. आधी 134 ग्राहकांच्या फायली म्हणाले, नोव्हेंबरअखेर सांगितलं की मदतयंत्रणा वापरणाऱ्या सगळ्यांचीच नावं आणि ईमेल गेले. दोन्ही वेळा मुख्य लॉगिनची यंत्रणा फुटली नाही, फुटली ती मदतीची खिडकी. हरिपूरच्या पेवासारखं, जमिनीखालच्या कोठारासारखं आहे हे: हळद एकत्र, नीट, कोरडी राहते, पण पाणी शिरलं तर सगळीच जाते.

2024 मधली चूक वेगळ्या जातीची. 23 जुलैच्या बदलात शिरलेल्या दोषामुळे 52 किंवा जास्त अक्षरांचं युजरनेम असेल, अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरीमार्फत (कंपनीतल्या खात्यांची मायक्रोसॉफ्टची यादी) लॉगिन होत असेल, पासवर्डशिवाय ओळखीचा दुसरा घटक लावलेला नसेल आणि डिरेक्टरीशी संपर्क अडलेला असेल, तर पासवर्डशिवाय आत जाता येण्याची शक्यता होती. 30 ऑक्टोबरला दुरुस्ती झाली. अमेरिकेत 52 अक्षरं जास्त वाटत असतील. आपल्याकडं नाव, वडिलांचं नाव, आडनाव आणि पुढं ‘इंजिनिअरिंगवर्क्सप्रायव्हेटलिमिटेड’ छाप डोमेन घातलं की सहज होतात! आम्ही युजरनेम म्हणून कर्मचारी क्रमांक घेतो, तेच बरं.

हे सगळं वाचून आम्ही आमचेही नियम कडक केले. 2023 च्या सप्टेंबरमध्ये एमजीएम रिसॉर्ट्स या अमेरिकेतल्या कॅसिनो-हॉटेलच्या कंपनीवर हल्ला झाला तो हेल्पडेस्कला फोनवर गंडवून. आमच्याकडं ‘आवाज ओळखतो की’ यावर पासवर्ड रीसेट व्हायचे. आता समोर या, नाहीतर तुमच्या विभागप्रमुखाच्या एक्स्टेन्शनवर मी फोन करणार. मालकांनाही हाच नियम. एकदा ते मुंबईहून चिडले होते, पण रीसेट झाला तो नियमानंच.

एक गोष्ट विक्रेते आपणहून सांगत नाहीत. ऑक्टाचा सिस्टिम लॉग, म्हणजे कोण कधी कुठे शिरलं याची नोंद, 90 दिवस राहतो. आपल्या सर्ट-इनच्या (सायबर सुरक्षेची सरकारी संस्था) 28 एप्रिल 2022 च्या निर्देशांप्रमाणे लॉग 180 दिवस आणि भारतातच ठेवायचे असतात, शिवाय सायबर हल्ल्यासारखी घटना कळल्यापासून सहा तासांत त्यांना कळवायचं असतं. म्हणजे लॉग रोज बाहेर काढून आपल्याकडं साठवायची सोय तुम्हीच करायची. आम्ही ऑफिसातल्या सर्व्हरवर काढतो आणि त्याची दुसरी प्रत विश्रामबागेतल्या शाखेत ठेवतो, कारण 2019 आणि 2021 चा पूर बघितल्यावर सांगलीत एकाच जागी काही ठेवायची हिंमत होत नाही.

दर माणशी, दरमहा, डॉलरात आहेत. वीस-पंचवीस माणसांचं दुकान असेल आणि मेल, फायली सगळं मायक्रोसॉफ्ट 365 वरच चालत असेल, तर आधी एन्ट्रा आयडी, म्हणजे मायक्रोसॉफ्टची अशीच सेवा, बघा, कदाचित त्याचे पैसे तुम्ही आधीच भरताय. चार वेगवेगळ्या कंपन्यांची सॉफ्टवेअरं, बाहेरच्या ग्राहकांची पोर्टलं आणि येणारी-जाणारी माणसं असतील तर ऑक्टा उजवं पडतं. आम्ही एक वर्षासाठी नूतनीकरण करतोय. विक्रेता तीन वर्षांवर सूट देत होता, ती नाकारली. दोन आणीबाणीची प्रशासक खाती फिडो किल्लीसह मालकांच्या तिजोरीत ठेवली आहेत, आणि ती चालतात का ते दर तिमाहीला तपासतो.