प्राग-व्हिएन्ना-बुडापेस्ट, २४९ युरो: न आलेल्या बसबद्दल

फेब्रुवारीच्या मध्याला लेक्चरं संपतात. मग एप्रिल उजाडेपर्यंत परीक्षा, रिपोर्ट आणि अधूनमधून मोकळे आठवडे. जर्मनीत शिकणाऱ्या आपल्या मुलांचं युरोप बघणं बहुतेक याच दिवसांत होतं, कारण उन्हाळ्याच्या सुट्टीत जो तो गोदामात नाहीतर हॉटेलात कामाला लागलेला असतो. नेमक्या याच सुमारास व्हॉट्सअॅप ग्रुपवर पोस्टरं फिरायला लागतात. वर प्रागचा चार्ल्स ब्रिज, खाली रोषणाईत न्हालेली बुडापेस्टची संसद, कोपऱ्यात लाल गोलात किंमत. आमच्या ग्रुपवर आलेलं पोस्टर मराठीत होतं. पाच दिवस, तीन शहरं, "फक्त आपली मराठी मंडळी", २४९ युरोत सगळं. सगळं म्हणजे बस, हॉस्टेल, सकाळचा नाश्ता आणि एका संध्याकाळी डॅन्यूबवर बोटीची फेरी.

ब्लॉक्ड अकाउंटमधून, म्हणजे व्हिसासाठी वर्षाचे पैसे आधीच भरून ठेवलेल्या खात्यातून, महिन्याला ९९२ युरो हातात येतात. खोलीचं भाडं आणि आरोग्य विमा गेला की उरतं त्यात किराणा, फोन आणि बाकीचं. त्यामुळे २४९ काही किरकोळ नव्हते. पण ते संशय यावा इतके कमीही नव्हते. स्वतः बस आणि हॉस्टेल बुक केलं असतं तरी साधारण तेवढेच लागले असते, फक्त डोकेफोड जास्त. ट्रिप विकणारा माणूस हिशेबात पक्का होता, हे आज कबूल करावंच लागेल.

त्याला सगळे दादा म्हणायचे. त्याने स्वतःचं नाव सांगितलं होतं, पण ते त्याचं नव्हतं हे नंतर कळलं. फोनवर बोलायला लागला की पहिला प्रश्न, "कुठलं गाव?" मी इस्लामपूर म्हटल्यावर लगेच, "अरे, माझी मावशी तिथंच की, पेठ नाक्याकडं." नगरच्या मुलाला त्याने नगरची मावशी सांगितली. हे आम्ही एकमेकांशी बोललो तेव्हा उघड झालं, पण बोललो कधी, तर सगळं संपल्यावर. ग्रुपमध्ये आम्ही पस्तीसेक जण होतो, कुणी लाइपझिगचे, कुणी केमनिट्झचे, दोघं थेट इल्मेनाऊचे. एकमेकांना ओळखणारे फार थोडे. शिवाय तीन-चार जण होते जे अधूनमधून लिहायचे, "दादा, मागच्या वर्षीची स्वित्झर्लंड ट्रिप एक नंबर झाली होती." ते नंबर त्याचेच असावेत असं आता वाटतं, कारण बस न आल्यावर त्यांच्यातल्या कुणाचीही बोंब ऐकू आली नाही.

पैसे घ्यायच्या त्याच्या तीन वाटा होत्या. पहिली, पेपॅलवर "फ्रेंड्स अँड फॅमिली" करून पाठवा, नाहीतर फी कापली जाते. खरंच कापली जाते, पण ती ज्यासाठी कापली जाते ते खरेदीदाराचं संरक्षण या प्रकारात मिळत नाही, हे त्याने कशाला सांगावं? दुसरी वाट बँक ट्रान्सफरची. आयबॅन, म्हणजे युरोपातला खातेक्रमांक, एलटीने (LT) सुरू होत होता, म्हणजे खातं लिथुआनियातलं. त्यात एकट्याने वावगं काही नाही, मोबाइल अॅपवाल्या कित्येक बँकांचे आयबॅन बाहेरच्या देशांतले असतात. पण ९ ऑक्टोबर २०२५ पासून युरो वापरणाऱ्या देशांतल्या बँकांना पैसे सुटण्याआधी आयबॅन आणि नाव जुळतं का ते पडताळून दाखवावं लागतं. केमनिट्झच्या एका मुलाला स्क्रीनवर स्पष्ट दिसलं, नाव जुळत नाही. त्याने स्क्रीनशॉट दादाला पाठवला. उत्तर आलं, "खातं बायकोच्या नावावर आहे रे, टॅक्सची कटकट नको म्हणून." पुढे हसणारी इमोजी. आपल्याकडे अर्धी दुकानं बायकोच्या नावावर असतात, त्यामुळे हे उत्तर मराठी कानाला बरोबर बसतं.

तिसरी वाट सगळ्यांत गोड. "तुमचे युरो कशाला मोडता? आई-बाबांना तिथून यूपीआय करायला सांगा, रेट मी गूगलवरचाच धरतो." निम्म्याहून जास्त जणांच्या घरच्यांनी असे भरले. पोरगं परदेशात, सुट्टीत जरा फिरून येऊ दे, म्हणून सांगली-कोल्हापूर-जळगावहून पैसे गेले.

आता जो भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो. "चौकशी केली नाही का?" असं ज्याने त्याने विचारलं. केली होती. आमच्यातल्या एका मुलीने प्रवासाच्या दोन आठवडे आधी प्रागच्या हॉस्टेलला स्वतः फोन लावला. बुकिंग नंबर सांगितला. पलीकडून उत्तर आलं, हो, या तारखेला तुमच्या ग्रुपचं बुकिंग आहे. तिने ग्रुपवर तसं लिहिलं आणि ज्यांचे पैसे अडून होते त्यांनीही त्या रात्रीच भरले. बुकिंग खरंच होतं. फक्त ते मोफत रद्द करता येण्यासारखं होतं, त्याच्यावर एक पैसाही भरलेला नव्हता, आणि प्रवासाच्या तीन दिवस आधी, मुदत संपायच्या आत, ते रद्द झालं. व्हिएन्नात तेच, बुडापेस्टमध्ये तेच. बसचंही असंच. त्याने पाठवलेला कागद एका खऱ्या बस कंपनीच्या लेटरहेडवरचा होता, पण ते नुसतं कोटेशन होतं. त्या कंपनीला फोन केला असता तर त्यांनीही सांगितलं असतं, हो, चौकशी आली होती. खरं बुकिंग दाखवून खोटी ट्रिप विकायची, हा या धंद्याचा गाभा आहे. म्हणून "हॉटेलला फोन करून खात्री करा" हा जो सल्ला सगळीकडे दिला जातो, तो इथे उलटा अंगावर आला. विचारायचं ते हे की पैसे भरलेत का, किती भरलेत, आणि रद्द केलं तर परत कुणाला मिळणार.

बस शनिवारी पहाटे साडेपाचला लाइपझिग हॉप्टबानहोफच्या पूर्वेकडच्या थांब्यावरून सुटणार होती. थंडी मरणाची. इल्मेनाऊची दोघं रात्रीच येऊन स्टेशनात बसली होती. कुणीतरी चिवड्याचा डबा फिरवला. सहा वाजता मेसेज आला, ड्रायव्हर ड्रेस्डेनजवळ ट्रॅफिकमध्ये आहे. शनिवारी पहाटे सहाला कसलं ट्रॅफिक, असं कुणी म्हणालं, तरी सगळे हसलेच. साडेसहाला ग्रुपच्या खाली ती करडी ओळ आली, की आता फक्त अॅडमिन मेसेज पाठवू शकतात. इतक्या जणांचे अंगठे एकदम थांबले. पुढच्या काही मिनिटांत आम्हा सगळ्यांना ग्रुपमधून काढलं होतं, आणि त्याचा फोटो जाऊन राखाडी गोल उरला होता.

पुढचं पटकन सांगते. सॅक्सनी पोलिसांच्या ऑनलाइनवाखेवर, म्हणजे ऑनलाइन ठाण्यावर, घरबसल्या तक्रार देता येते, जर्मनीतल्या बाकी राज्यांतही तशी सोय आहे. आम्ही ती त्याच दिवशी दिली आणि केस नंबर मिळाला. बँकेने हात वर केले. एकदा समोरच्या खात्यात जमा झालेली ट्रान्सफर त्याच्या संमतीशिवाय परत येत नाही, आणि तो कशाला संमती देतोय! ज्यांच्या घरच्यांनी यूपीआय केलं होतं त्यांच्यापैकी सांगलीच्या एका काकांनी मुलीचा फोन येताच १९३० ला, म्हणजे भारतातल्या सायबर फसवणुकीच्या नंबरला, कॉल केला. पैसे ज्या पुढच्या खात्यात सरकले होते तिथे त्यातले थोडे अडकवून ठेवले गेले. बाकीच्यांनी "दोन दिवस वाट बघू, येईल फोन" म्हणत वेळ घालवला. तोवर खातं कोरडं झालं होतं. पैसे भारतातल्या खात्यातून गेले असतील तर जर्मन पोलिसांच्या तक्रारीसोबत तो कॉलही घरच्यांनी तासाभरात करायचा, दोन्ही.

हे सगळं झाल्यावर विद्यापीठाच्या सल्ला केंद्रातल्या बाईंनी एक प्रश्न विचारला, "झिखेरुंग्सशाइन दिलं होतं का त्याने?" आमच्यापैकी कुणी हा शब्द ऐकलेला नव्हता. जर्मन कायद्यात प्रवास आणि राहणं मिळून पॅकेज विकणाऱ्याला, ट्रिप संपायच्या आधी पैसे घ्यायचे असतील तर हा कागद ग्राहकाला द्यावाच लागतो. आयोजक बुडाला तर ग्राहकाचे पैसे कोण परत करणार, त्या विमा कंपनीचं किंवा निधीचं नाव आणि संपर्क त्यावर असतो. हॉस्टेलला नव्हे, त्या विमा कंपनीला फोन लावायचा. शिवाय आगाऊ रक्कम साधारण २० टक्क्यांपर्यंतच मागतात, बाकीची निघायच्या सुमाराला. आमच्यातल्या बहुतेकांकडून दीड महिना आधी पूर्ण २४९ घेतले होते. नियमाला पळवाटाही आहेत. चोवीस तासांहून कमी, मुक्काम नसलेली आणि ५०० युरोच्या आतली सहल यात येत नाही. नफ्यासाठी नव्हे, कधीतरी आणि मोजक्याच ओळखीच्या लोकांसाठी काढलेली सहलही येत नाही. दादाला विचारलं असतं तर त्याने हेच दुसरं पुढे केलं असतं, "आपण काय धंदा करतोय का, आपली मंडळी." मग प्रश्न असा उरतो की धंदा नाही तर पोस्टर कशाला, आणि पस्तीस अनोळखी माणसं म्हणजे ओळखीचे कसे?

धंदा करणाऱ्याच्या वेबसाइटवर जर्मनीत इम्प्रेसुम असावं लागतं, म्हणजे मालकाचं नाव, पत्ता, संपर्क. कंपनी असल्याचं सांगत असेल तर हांडेल्सरेगिस्टरमध्ये, कंपन्यांच्या सरकारी नोंदवहीत, ती २०२२ पासून फुकट शोधता येते. दादाचं नुसतं इन्स्टाग्राम पेज होतं. फोटो सुंदर.

पैशांपेक्षा जास्त जीव टांगणीला लावलाय तो वेगळ्याच गोष्टीने. त्याने "बॉर्डर चेकसाठी" सगळ्यांच्या पासपोर्टचे आणि रेसिडेन्स परमिटचे फोटो मागवून घेतले होते. चेकिया, ऑस्ट्रिया, हंगेरी तिन्ही शेंगेनमध्ये आहेत. जर्मनीचं परमिट असलेल्याला तिथे फिरायला वेगळा व्हिसा लागत नाही. जर्मनीने २०२४ पासून आपल्या सगळ्या जमिनी सीमांवर तपासणी सुरू केली आहे, पण परत येताना बसमध्ये पोलिस चढले तर ते मूळ पासपोर्ट आणि मूळ कार्ड बघतात, आयोजकाच्या फोनमधला फोटो नव्हे. तेव्हा कुणी असे फोटो मागितले तर देऊ नका, आणि द्यावेच लागले तर त्यावर आडवं लिहून द्या की कशासाठी आणि कोणत्या तारखेला. आमच्यातल्या एकाला मे महिन्यात मोबाइल कराराचं बिल आलं, जो करार त्याने केलेलाच नव्हता. त्याने पोलिस तक्रारीला ते जोडलं आणि शूफाकडे, म्हणजे लोकांची पत नोंदवणाऱ्या जर्मन संस्थेकडे, ओळखचोरीची नोंद केली. बाकीच्यांनीही असं बिल यायची वाट न बघता ती नोंद करून टाकली.

सरकारी वकिलांच्या कार्यालयाचं पत्र उन्हाळ्यात आलं. आरोपीचा माग लागला नाही, म्हणून तपास तूर्त बंद, नवीन माहिती मिळाल्यास पुन्हा उघडता येईल. मागच्या वर्षी किंवा यंदा मराठी ग्रुपवरच्या अशाच ट्रिपसाठी एलटीने सुरू होणाऱ्या आयबॅनवर कुणी पैसे भरले असतील, तर आपल्या राज्याच्या ऑनलाइनवाखेवर तक्रार द्या आणि त्यात पूर्ण आयबॅन, पेपॅलचा ईमेल आणि यूपीआय आयडी तिन्ही लिहा. दोन तक्रारींत एकच आयबॅन निघाला, तर आमची फाइल पुन्हा उघडायला तेवढंच हवं आहे.