फुग्याचा गोबरगॅस: एक हिवाळा, एक उन्हाळा वापरून

दिवाळीनंतर आमच्या परड्यात दोन घनमीटरचा फुग्याचा गोबरगॅस प्लँट (शेणाचा गॅस मोठ्या फुग्यात साठतो तो) बसवला. आता वळीव पडायला लागलाय. आम्ही भुदरगड तालुक्यातले. दोन म्हशी, एक गाय, थोडकं रान. प्लँट कसा असतो, शेण-पाणी किती घालायचं हे बहुतेकांना ठाऊक आहे, म्हणून ते सांगत बसत नाही. मला सांगायचंय ते पाइपात साचणाऱ्या पाण्याबद्दल. माहितीपत्रकात त्याचा एका ओळीचाही उल्लेख नाही आणि माझा सगळा हिवाळा त्यानेच नासवला.

पहिले काही आठवडे छान गेले. निळी ज्योत, चहा झटपट. मग थंडी पडली आणि सकाळी भाकऱ्यांच्या वेळी ज्योत नाचायला लागली. भाकरी तव्यावर टाकावी, पाणी फिरवावं, उलटावी, की ज्योत पार खाली बसायची. क्षणभराने भक्कन वर. पुन्हा खाली. तवा एकसारखा तापतच नाही. अशा तव्यावरची भाकरी फुगत नाही, वातड होते आणि कडेला करपते. सासूबाईंनी दोन दिवस पाहिलं आणि तिसऱ्या दिवशी मागच्या सोप्यातली चूल पेटवली. मला फार लागलं ते. धुरातून सुटका व्हावी म्हणून तर हा खर्च केला होता.

कंपनीच्या माणसाला फोन केला. उत्तर तयारच होतं: "ताई, शेण कमी पडतंय तुमचं." कसं कमी पडतंय? म्हशीचं दिवसाला साधारण 15 किलो, गाईचं 10, म्हणजे 40 किलो. घनमीटरभर गॅसला 25 किलो ताजं शेण लागतं. पूर्ण दोन घनमीटर नाही, पण दीडच्या आसपास तरी गॅस मिळायलाच हवा. आणि फुगा तर टम्म फुगलेला दिसत होता! फुगा भरलेला आणि शेगडी मरतुकडी, हे शेणाचं दुखणं असेलच कसं? हे मी विचारल्यावर "बर्नरमध्ये कचरा असेल" झालं. माणूस आला, जेटमध्ये सुई घातली, शेगडी पुसली, व्हिजिटचे पैसे घेतले आणि गेला. पाइपाकडे त्याने ढुंकून पाहिलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ज्योत पुन्हा तशीच. परत फोन, तर म्हणे फुग्यावर वाळूची पोती ठेवा. ठेवली. दाब थोडा वाढला, नाचणं थांबलं नाही.

शेवटी माझे चुलत दीर आले. ते प्लंबिंगची कामं करतात. गोठ्यापासून स्वयंपाकघरापर्यंत पाइप पागोळीखालून क्लॅम्पवर आणलाय. दोन क्लॅम्पमधलं अंतर जास्त ठेवल्यामुळे मधेच त्याला झोळ आलेला. त्यांनी तिथे कान लावला आणि म्हणाले, "वहिनी, आत पाणी गुडगुडतंय." फुग्याजवळचा कॉक बंद करून झोळाजवळचा जोड सैल केला, तर तांब्याभर पाणी आलं. कुजक्या अंड्यासारखा वास मारणारं, काळपट.

कारण साधं आहे. फुग्यातून निघणारा गॅस ओलसर असतो. रात्री पाइप गार पडला, की ती वाफ आतल्या आत पाणी होते आणि जिथे पाइप सर्वांत खाली असेल तिथे साठते. जुन्या लोखंडी टाकीच्या प्लँटला टाकीच्याच वजनाने दाब मिळायचा. दीनबंधू म्हणजे जमिनीतल्या पक्क्या घुमटाच्या प्लँटला आतल्या शेणकाल्याची पातळी दाब देते. फुग्याला स्वतःचं वजनच नाही, त्यामुळे त्याचा दाब मुळात अगदी हलका. एवढ्या दाबाला वाट अडवायला पाइपातलं दोन बोटं पाणीसुद्धा पुरतं. गॅस पाण्यातून बुडबुड्यांनी सुटतो आणि इकडे ज्योत नाचते.

दिरांनी मधे दोन क्लॅम्प वाढवले, पाइपाला दोन्ही बाजूंनी एकाच जागी उतार दिला आणि त्या जागी टी (तीन तोंडांचा जोड) बसवून खाली छोटा बॉल व्हॉल्व्ह लावला. सामान दोनशे रुपयांच्या आतलं. आता आठवड्यातून एकदा मेन कॉक बंद करून त्या व्हॉल्व्हमधून पाणी सोडते. त्या वेळी जवळपास चूल, विडी काही पेटलेलं नसतं याकडे मात्र कटाक्षाने पाहते. जोडांवर साबणाचं पाणी लावून गळती बघायची सवयही तेव्हापासून लागली.

तेव्हापासून ज्योत सरळ आहे, आणि या प्लँटबद्दलचं माझं मत पार पालटलं. जानेवारीत मला कोणी विचारलं असतं, तर घेऊ नका म्हटलं असतं. आज घ्या म्हणते. थंडीत गॅस कमीच होतो, तो प्रश्न पाण्याचा नव्हे. गारठ्यात शेण कुजणं मंदावतं. तेव्हा शेण कालवायला बंबातलं कोमट पाणी घेतल्याने थोडा फरक पडला. मार्चपासून मात्र दोन्ही वेळचा स्वयंपाक होऊन गॅस उरतो. घनमीटरभर गोबरगॅस म्हणजे सुमारे 0.43 किलो सिलिंडरचा गॅस. दिवसाला दीड घनमीटर धरला, तरी महिन्याला 14.2 किलोच्या एका सिलिंडरपेक्षा जास्तच. आमचा सिलिंडर आता पाहुणे आले तरच लागतो. आंघोळीचं पाणी अजून बंबावर, चिपाडांवर तापतं. तेवढा गॅस पुरत नाही. स्वयंपाकघराला पाडव्याला चुना दिला, तो अजून पांढरा आहे.

स्लरीबद्दल कोणीच फारसं बोलत नाही, म्हणून मी बोलते. बाहेर पडणारा काला चारीने थेट हत्तीगवतात सोडलाय. उकिरड्यातलं शेणखत टाकलं, की त्याबरोबर तणाचं बी यायचं आणि खुरपून कंबर जायची. स्लरीच्या पट्ट्यात तण बरंच कमी आहे आणि गवताचा रंग रस्त्यावरून जाणाऱ्यांनाही दिसतो. सासूबाईंना शेणी थापायला शेण उरत नाही याचं वाईट वाटायचं. त्यांच्या वांग्यांना स्लरी घातल्यापासून त्या बादली घेऊन स्वतः चारीवर जातात.

घेणाऱ्यांना एक कळकळीने सांगते. शेवटचा हप्ता देण्याआधी कंपनीच्या माणसाला पाइपाखाली उभं करा आणि विचारा, यात सर्वांत खालची जागा कोणती आणि तिथलं पाणी काढायची सोय कुठे आहे. शेतकऱ्याच्या घरात हजारो रुपयांची वस्तू बसवताना एक टी आणि एक व्हॉल्व्ह द्यायला या लोकांना जमत नाही, आणि वर त्याच्या शेणाला नावं ठेवतात, याचा मला अजून राग आहे. अनुदानासाठी जिल्हा परिषदेच्या कृषी विभागात आधी चौकशी करा, बसवून झाल्यावर नव्हे. फुग्याला जाळीचं कुंपण घाला, मांजरं वर उन्हाला बसतात आणि नख्या लावतात.

पावसाळ्याचा अनुभव अजून यायचाय. आमच्याकडचा पाऊस म्हणजे फुग्याच्या खड्ड्यात पाणी उतरणार, म्हणून भोवतीने चर खणून घेतलाय आणि शेण घालायच्या तोंडावर पत्र्याचं झाकण केलंय. वरून ताडपत्री या आठवड्यात.