व्हॅलहाइम: आठ महिने, दोन घरं आणि एक उतार

व्हॅलहाइम हा जंगलात तगून राहायचा, लढायचा आणि घरं बांधायचा कॉम्प्युटर गेम. आधीच सांगतो, तो संपवलेल्या माणसाचा हा अनुभव नाही. आठ महिन्यांत आमचे बॉस (टप्प्याटप्प्याचे मोठे राक्षस) तीनच मारून झालेत: आइकथिर, एल्डर आणि बोनमास. बडोद्याचा मावसभाऊ आणि मी रात्री दहानंतर बसतो. तो लढतो, मी बांधतो. तलवार, ढाल, बाण यांबद्दल काही विचारायचं असेल तर त्याला विचारा. मी बोलणार आहे ते उतारावरच्या घराबद्दल.

गेम फेब्रुवारी २०२१ मध्ये अर्ली अॅक्सेसमध्ये, म्हणजे पूर्ण होण्याआधीच, विक्रीला आला. एका जगात दहा जण खेळू शकतात आणि नवं जग घेतलं की डोंगर, नद्या, किनारे सगळंच नवं. त्यामुळे ‘अमुक ठिकाणी बांधा’ हा सल्ला फुकट जातो. जागा ज्याची त्यालाच शोधावी लागते.

आम्हाला सापडली ती कुरण संपून ब्लॅक फॉरेस्ट, म्हणजे गेममधलं दाट जंगल, सुरू होतं तिथली, खाडीवर उतरलेली डोंगराची सोंड. भाऊ म्हणाला, “दादा, खाली मस्त सपाट आहे की.” मी म्हटलं, “सपाट तर इंदुरात रोजच बघतो.” माळव्याच्या पठारावर जन्म गेलेल्या माणसाला उंचावरून पाणी दिसलं की त्याचं डोकं चालत नाही.

गेममध्ये जमीन सपाट करायचं एक अवजार आहे, त्याला ‘हो’ म्हणतात. नाव अगदी बरोबर ठेवलंय, कारण त्याला नाही म्हणणं जमतच नाही. पाच लाकडं आणि दोन दगड दिले की तयार. तुम्ही ज्या उंचीवर उभे आहात त्या उंचीला आसपासची जमीन येते, आणि तेही फुकट. जमीन वर उचलायची तर मात्र प्रत्येक वेळी चार दगड मोजावे लागतात. एका दगडाचं वजन दोन आणि माणसाची ताकद तीनशे. म्हणजे अंगावर दुसरं काही नसताना एका खेपेत दीडशे दगड, आणि त्यात सदतीस वेळा माती उचलून होते. अशा किती खेपा मी केल्या ते मोजलं नाही. एवढं आठवतं की त्या आठवड्यात रतलामी शेवेची दोन पाकिटं संपली आणि कीबोर्डची एक फट कायमची बुजली.

तीन आठवड्यांनी जागा झाली कॅरमच्या पाटासारखी. वरच्या अंगाला मी डोंगर कापला होता, खालच्या अंगाला भराव टाकला होता. भराव शेवटच्या कोपऱ्यात हातभर कमी असताना थांबला. मूळ पातळीपासून ८ मीटरच्या वर किंवा खाली जमीन जात नाही, हे मला तेव्हा कळलं. आणि कापलेल्या बाजूचा कडा बरोबर छपराच्या उंचीचा झाला होता. पहिल्याच हल्ल्यात ग्रेडवार्फ (जंगलातले छोटे राक्षस) त्या कड्यावर उभे राहिले आणि गॅलरीत बसल्यासारखे आमच्या छपरावर दगड फेकत बसले. त्यांच्यासाठी ओटा मीच बांधून दिला होता.

बाबा चहाचा कप घेऊन मागे उभे होते. त्यांना गेममधलं काही कळत नाही, पण आमचं घर त्यांनी उभं राहून बांधून घेतलंय. काळी माती हवी तितकी उपसून मुरूम भरल्याशिवाय गवंड्याला पायाला हात लावू दिला नव्हता. ती माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि भिंतीला तडे देते.

“जोतं कुठंय?” त्यांनी विचारलं.

“हेच की, सगळं सपाट केलंय.”

“ते जोतं नाही, ते मैदान आहे. डोंगर कशाला कापलास? घरच पायऱ्यापायऱ्यांनी खाली उतरव की.”

दुसरं घर त्याच सोंडेवर, शंभरेक पावलं पुढे, ‘हो’ला जवळजवळ हात न लावता बांधलं. कृती सोपी आहे, पण क्रम चुकवू नका. उतारावरचा सगळ्यात उंच बिंदू धरायचा आणि पहिली फळी तिथे जमिनीला टेकवून बसवायची. मग त्याच पातळीत फळ्या दरीच्या बाजूला हवेत सरकवत न्यायच्या. फळी दोन मीटरची असते, तीन-चार फळ्यांवर रंग बदलायला लागतो. हातोडी हातात असताना प्रत्येक तुकड्याचा रंग दिसतो: जमिनीला टेकलेला निळा, मग हिरवा, पिवळा, नारिंगी, लाल. लालच्या पुढचं लावलं की कोसळतं. पिवळं दिसलं की थांबायचं आणि फळीखालून खांब सोडायचा, एकाखाली एक, शेवटचा मातीत रुतेपर्यंत. रुतला की तो निळा होतो आणि वरची फळी पुन्हा सावरते. प्रत्येक कोपऱ्याचा खांब वेगळ्या लांबीचा येतो, येऊ द्या. जमिनीतून वर आलेला मोठा खडकही आधाराला चालतो. आमच्या जेवणघराचा एक कोपरा तसाच खडकावर आहे.

पहिली पायरी झाली की दुसरी दोन मीटर खाली, तिसरी आणखी खाली. चूल मात्र अगदी वरच्या पायरीवर ठेवा, कारण साधी शेकोटी लाकडी फळीवर पेटवता येत नाही, तिला उघडी जमीन लागते. वर धुराला वाट ठेवा. पहिल्या रात्री ती विसरलो आणि दोघंही स्वतःच्याच घरात घुसमटत होतो.

या पद्धतीची दुखरी नस म्हणजे खालचे खांब. एका ट्रोलने (हा अवाढव्य राक्षस) दोन खांब उडवले आणि जेवणघर पेट्यांसकट खाली गेलं. भाऊ अर्धा तास उतारावरून आमचं सामान वेचत होता आणि मध्येच म्हणत होता, “दादा, सपाट जागा होती.” पुढे दलदलीतून लोखंड आणलं, स्टोनकटर, म्हणजे दगडी बांधकामासाठी लागणारं यंत्र, झाला (त्यालाच दोन लोखंड लागतात) आणि खालचा भाग दगडात घेतला. दगड उभा उत्तम चढतो, आडवा फार पुढे काढता येत नाही. पण दगडावर लाकूड ठेवलं की त्या लाकडाला जमिनीवर उभं असल्यासारखं बळ येतं. हे आपल्या इंदूरच्या राजवाड्याचंच गणित: सात मजल्यांपैकी खालचे तीन दगडी, वरचे लाकडी. तो आगीत जळलाय हेही खरं. इथे निदान पावसाने लाकूड अर्ध्यापर्यंतच झिजतं, त्यापुढे नाही.

उतारावर राहायची खरी किंमत हातगाडी वसूल करते. नेहमीच्या सेटिंगमध्ये धातू पोर्टलमधून (एका ठिकाणाहून दुसरीकडे क्षणात नेणाऱ्या दारातून) जात नाही, त्यामुळे तांबं, लोखंड सगळं गाडीवर. सरळ चढणीवर गाडी मागे ओढते, वळली तर उलटते. शेवटी भेरूघाटासारखी वळणं घेत रस्ता काढला, आणि ‘हो’ तेवढ्यापुरतीच बाहेर काढली.

घ्यावा का? बांधायची हौस असेल तर डोळे मिटून घ्या. घर मोडलं तर लाकूड पूर्ण परत मिळतं, त्यामुळे चुकायला भीती नाही. भरावात घातलेला दगड मात्र टिकावाने उकरून काढावा लागतो. माझ्या साध्या लॅपटॉपवर घर मोठं झालं तसा पंखा ओरडायला लागला, म्हणून सावल्या बंद करून खेळतो. आणि घाईने लढत पुढे जायचंय त्यांनी भावासारखा खालचा सपाट किनारा पाहावा.

जुनी जागा आम्ही मोडली नाही. छप्पर काढलं, कल्टिव्हेटर (जमीन पेरणीजोगी करायचं अवजार) फिरवला आणि तिथे गाजरं लावली. भाऊ दर वेळी तिथून जाताना म्हणतो, एवढ्या दगडांवर पिकलेलं गाजर त्याने अख्ख्या गुजरातेत पाहिलं नाही.