एकटीचा प्रवास: पचमढीची सहल की इगतपुरीचे शिबिर?

नागपूरहून एकटीने निघणाऱ्या स्त्रीला स्वतः आखलेल्या पचमढीच्या सहलीत मन मानेल तसे हिंडता येते. परंतु फिरवणारा जिप्सी जीपवाला भरवशाचा आहे का, लॉजच्या खोलीची कडी नीट लागते का, ही काळजी तिला एकटीलाच वाहावी लागते. इगतपुरीच्या धम्मगिरीतील १० दिवसांच्या विपश्यना शिबिरात स्त्रियांचा निवास स्वतंत्र असतो, पहाटे ४ वाजताच्या घंटेपासून दिनक्रम ठरलेला असतो आणि राहण्याजेवणाचे शुल्क नसते. दान ऐच्छिक, तेही शिबिर पूर्ण केल्यावरच. मोबाइल जमा करून मौन पाळावे लागते, म्हणून घरच्यांना आधीच सांगून ठेवावे. ही विश्रांतीची सहल नव्हे, दिवसाचे बरेच तास ध्यानाला बसावे लागते. तरीही पहिल्यांदाच एकटीने बाहेर पडणारीला मी शिबिरच सुचवीन, कारण सतत सावध राहण्याचा शीण तिथे उतरतो.