2 टीबीचा एसएसडी म्हणून 64 जीबीचं कार्ड : त्या जाहिरातीपासून जपून

रील बघताना मधेच येणारी ती जाहिरात तुम्हीही पाहिली असेल. 'स्टॉक क्लिअरन्स, 2 टीबी पोर्टेबल एसएसडी, फक्त 1,199 रुपये, कॅश ऑन डिलिव्हरी.' एसएसडी म्हणजे फाइली साठवायची वेगवान डिस्क, आणि 1 टीबी म्हणजे साधारण 1000 जीबी. जाहिरातीखाली उलटं पळणारं घड्याळ आणि 'शेवटचे 7 नग'. दुसऱ्या दिवशी उघडून बघा, 7च शिल्लक असतात. जुळे सोलापुरातल्या आमच्या घरी हाच माल आला.

कारण साधं होतं. घरचा कॉम्प्युटर पार रेंगाळायला लागला होता. त्याच्यावर टॉवेलच्या धंद्याच्या हिशोबाची टॅली, पोरीचा अभ्यास आणि वर्षानुवर्षांचे फोटो. सी ड्राइव्हची पट्टी लाल झालेली. फोटो बाहेर हलवले की जागा मोकळी होईल आणि मशीन पळेल, असा हिशोब.

खोकं चकचकीत होतं, वस्तू हातात जड लागत होती. पण खोक्यावर ना कंपनीचा पत्ता, ना आयात करणाऱ्याचं नाव, ना कुठल्या देशात बनलं ते, ना एमआरपी. पाकीटबंद मालावर हे सगळं छापणं कायद्यानं बंधनकारक आहे, तेव्हा कोरं खोकं दिसलं की तिथंच परत पाठवायचं. कॅश ऑन डिलिव्हरी म्हटलं की आधी माल मग पैसे असं वाटतं खरं, पण पैसे आपण खोकं बघून देतो, माल बघून नाही.

जोडल्यावर कॉम्प्युटरनं बिनतक्रार जवळजवळ 2 टीबी जागा दाखवली. फोटो कॉपी केले, सुरुवातीचे चार-पाच उघडून बघितले, छान दिसले. मूळ फोटो डिलीट. पुढं कधीतरी गड्ड्याच्या यात्रेतले नंदीध्वजांचे फोटो काढायला गेलो, तर फाइलींची नावं जागेवर, साइज बरोबर, आणि उघडायला गेलं की फाइल खराब. एकच नाही, फोल्डरच्या फोल्डर.

नवी पेठेत माझा एक मित्र कॉम्प्युटर दुरुस्ती करतो. त्यानं वस्तू हातात घेतली, केबल लावली आणि म्हणाला, "काय बे, हे कुठनं आणलास?" मग पातळ पातं घालून कव्हर उकललं. आत निम्मी जागा रिकामी. एक छोटी हिरवी पट्टी, तिच्यात मोबाइलमध्ये घालतो तसलं 64 जीबीचं मेमरी कार्ड, वरून गरम गोंदाचा थापा. शेजारी लोखंडाचा एक तुकडा चिकटवलेला, नुसता वजनासाठी.

यातली मेख नीट समजून घ्या. कार्ड आपली क्षमता किती हे स्वतःच कॉम्प्युटरला सांगतं, आणि ते सांगणारा आतला प्रोग्रॅम बदलता येतो. त्यामुळं आकडा 2 टीबीच दिसतो. 64 जीबी भरेपर्यंत सगळं सुरळीत चालतं. त्यानंतरचा डेटा एकतर हवेत जातो, नाहीतर आधीच्या डेटावरच लिहिला जातो. नावांची यादी मात्र शाबूत राहते, म्हणून फोल्डर बघून काही कळत नाही.

वेगावरून मात्र लगेच संशय येतो. खऱ्या पोर्टेबल एसएसडीवर 4 जीबीचा व्हिडिओ चांगल्या यूएसबी पोर्टातून अर्ध्या मिनिटाच्या आत जातो; आमच्याकडं त्याला चहा पिऊन व्हायचा. खात्रीच करायची तर 'एचटूटेस्टडब्ल्यू' नावाचा फुकटचा प्रोग्रॅम आहे. तो ड्राइव्ह काठोकाठ भरतो आणि लिहिलेलं परत वाचून बघतो. वेळ खातो, रात्रभर किंवा त्याहूनही जास्त, तेव्हा लावून ठेवा. तोवर मूळ फाइलींना हात लावायचा नाही.

काही फोटो मित्रानं जुन्या हार्ड डिस्कमधूनच परत काढून दिले. डिलीट केलेल्या जागेवर नवीन काही लिहिलेलं नसेल तर ते जमतं, म्हणून फाइली उडाल्या की मशीन वापरणं थांबवा. बाकीचे गेले.

आणि गंमत म्हणजे बाहेरून डबी लावून मशीन पळणारच नव्हतं. कंट्रोल, शिफ्ट, एस्केप दाबून, मशीनवर कशाचा किती ताण आहे ते दाखवणारा टास्क मॅनेजर उघडला तर डिस्क सतत 100 टक्क्यांवर. जुनी फिरती हार्ड डिस्क दमली होती. मित्रानं विंडोजसाठी आत खरा एसएसडी बसवला, पक्कं बिल दिलं, आणि पंख्यात अडकलेले सुताचे तंतू ब्रशनं काढले. टॉवेलवाल्यांच्या घरात ते साचणारच, त्यात सोलापूरचा उन्हाळा. मशीन तापलं की आपोआप वेग कमी करतं.

आता पैशांचं. जाहिरातीचं पान गायब झालं होतं. गुगलवर कस्टमर केअर नंबर शोधला तर एक लगेच लागला, पलीकडचा माणूस गोड बोलून म्हणाला, "सर, रिफंड टाकतो, फक्त स्क्रीन शेअर करायचं ॲप घ्या आणि यूपीआय पिन टाका." फोन ठेवून दिला. पैसे येताना पिन लागत नाही, तो जाताना लागतो. पहिल्या चोरापेक्षा हा दुसरा महागात पडला असता, कारण तो थेट खात्यातच शिरतो.

ऑनलाइन पैसे गेले असतील तर ताबडतोब सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, 1930 ला फोन करा. उशीर झाला की पैसे पुढच्या खात्यांत सरकतात. मालाच्या तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर 1915. 2020 च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणं विक्री करणाऱ्या साइटला तक्रार अधिकारी नेमावा लागतो, 48 तासांत पोच द्यावी लागते आणि महिन्याभरात तक्रार निकाली काढावी लागते. 5 लाखांपर्यंतच्या मालासाठी ग्राहक आयोगात शुल्कही लागत नाही.

आमच्या बाबतीत हे सगळं कागदावरच राहिलं, कारण नोटीस पाठवायला पत्ता नाही. पार्सलच्या लेबलवर पाठवणाऱ्याच्या रकान्यात नुसतं 'ऑनलाइन सेलर' लिहिलंय, आणि खालचा मोबाइल तेव्हापासून बंद लागतोय.