रत्नागिरीत प्रीमियम हॅचबॅक: पावसाळ्यानंतरचा अनुभव

चार मीटरच्या आत बसणारी, १.२ लिटर पेट्रोल इंजिनाची प्रीमियम हॅचबॅक आम्ही पावसाळ्याआधी घेतली आणि तेव्हापासून ती बहुतेक रत्नागिरी–कोल्हापूर रस्त्यावर, म्हणजे आंबा घाटातून, चालते आहे. हेच मॉडेल चिपळूणच्या एका सहकाऱ्यांकडे आणि देवगडला कलमांची बाग असलेल्या माझ्या मेहुण्यांकडेही आहे. मात्र आमचे तिघांचे बोलणे ऐकणाऱ्याला गाड्या वेगवेगळ्या आहेत असेच वाटेल. माझ्या मते हा मतभेद गाडीच्या मॉडेलपेक्षा व्हेरियंटचा आणि रस्त्याचा आहे.

सहकाऱ्यांची गाडी एएमटी गिअरची, म्हणजे क्लच न दाबता आपोआप गिअर बदलणारी, आहे. राष्ट्रीय महामार्ग ६६ च्या चौपदरी काँक्रीटवर आणि चिपळूणच्या बाजारपेठेत ती त्यांना अतिशय सोयीची वाटते, आणि गणपतीत वाहतूक खोळंबली की माझ्या डाव्या पायालाही त्यांचे म्हणणे पटते. घाटात मात्र चित्र पालटते. वळणाआधी ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलला की ती वरचा गिअर टाकते आणि वळणातून चढ सुरू होताच क्षणभर अडखळून पुन्हा खालच्या गिअरवर येते. मॅन्युअल मोडमध्ये ही अडचण राहत नाही, हे खरे. पण मग जास्तीचे पैसे कशासाठी मोजले, हा माझा प्रश्न उरतोच. टर्बो नसलेल्या या इंजिनाचा जोर वरच्या आरपीएमला, म्हणजे इंजिन वेगाने फिरत असताना, मिळतो, त्यामुळे चार माणसे आणि सामान घेऊन चढताना माझ्या मॅन्युअल गाडीलाही दुसऱ्या गिअरवर आवाज करत राहावे लागते. महामार्गावर लिटरला १९ च्या आसपास मिळणारे ॲव्हरेज घाटात १५ वर येते, यात मला वावगे वाटत नाही.

मेहुण्यांची तक्रार चाकांची आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या गाड्यांवरील जीएसटी १८ टक्के झाला, तेव्हा वाचलेल्या पैशांत त्यांनी टॉप व्हेरियंट घेतला आणि त्यासोबत १६ इंची अलॉय व्हील्स आली. त्यावरील १९५/५५ टायरच्या बाजूची उंची सुमारे १०७ मिलिमीटर भरते, तर माझ्या १५ इंची चाकांवरील १८५/६५ टायरची सुमारे १२०. बाहेरून दोन्ही चाके जवळजवळ सारख्याच उंचीची असल्याने ग्राउंड क्लिअरन्समध्ये फरक पडत नाही, पण बागेकडे जाणाऱ्या जांभ्याच्या कच्च्या रस्त्यावर रबराची ती कमी उंची प्रत्येक दगड पाठीपर्यंत पोहोचवते. सनरूफचे कौतुक त्यांच्या मुलांना आहे. आमच्याकडच्या उन्हात आणि पावसात ते उघडायला मुहूर्त शोधावा लागतो.

खाऱ्या हवेबाबत तिघांचे एकमत आहे. रात्रभर पावसात उभ्या गाडीच्या ब्रेक डिस्कवर सकाळी दिसणारा तांबूस थर पहिल्या काही ब्रेकमध्ये निघून जातो, त्याची चिंता नको. खालचे नटबोल्ट आणि सायलेन्सरचे क्लॅम्प मात्र लवकर गंजू लागतात. किनाऱ्यावरून आल्यावर गाडीची खालची बाजू गोड्या पाण्याने धुवावी, आणि अंडरबॉडी कोटिंग करून घेतलेच तर दरवाजांच्या खालच्या कडेची पाणी निघण्याची छिद्रे बुजली नाहीत ना, हे गॅरेजमधून बाहेर पडण्यापूर्वी बोट फिरवून पाहावे. मेहुण्यांच्या गाडीत त्यांपैकी दोन बुजलेली निघाली.